'नुसता खेळत बसतो' म्हणे!

'नुसता खेळत बसतो' हे वाक्य आमच्या नातेवाईकांच्या तोंडून ऐकलं नाही असा महिना जात नाही. त्यातला तो 'नुसता' मला फार खटकतो. पोरगं पत्ते कुटत बसलं तर 'सुट्टी आहे, खेळू दे'. कॅरम असेल तर कौतुक. बुद्धिबळाचा पट मांडला की घरात विश्वनाथन आनंदच जन्माला आल्यासारखं! आणि तेच पोरगं हेडफोन लावून तीन मित्रांबरोबर मोबाईलवर खेळायला लागलं की लगेच 'नुसता'.

आधीच सांगते, हे भांडायलाच लिहितेय. काका-मावश्यांनो, रागवायचं असेल तर फोन करून रागवा, फॅमिली ग्रुपवर नको :)

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. या आजारात स्नायू हळूहळू निकामी होत जातात. लहानपणीच व्हीलचेअर आली. मोठेपणी दिवसातले कितीतरी तास तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. आईवडील अगदी प्रेमळ, पण त्यांनाही वाटायचं तेच वाटायचं. पोराला मित्र नाहीत, प्रेम कधी मिळालं नाही, सगळं आयुष्य स्क्रीनसमोर गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मॅट्स गेला. तो ब्लॉग लिहायचा (आपल्यातलाच म्हणायचा की!). त्या ब्लॉगवर आईवडिलांनी तो गेल्याचं कळवलं. आणि मग पत्रं यायला लागली. वेगवेगळ्या देशांतून, एकामागून एक. गेममध्ये त्याचं नाव होतं इबेलिन. कुणाला त्याने नैराश्यात साथ दिली होती. डेन्मार्कमधल्या एका आईला आपल्या ऑटिस्टिक मुलाशी नातं जोडायला त्याच्यामुळे मदत झाली होती. ज्या मुलाला चालता येत नव्हतं, तो गेममध्ये रोज पळायला जायचा, हे वाचताना मला थांबावं लागलं. अंत्यविधीला त्याच्या 'स्टारलाइट' गटातले लोक परदेशांतून आले. प्रवासखर्चासाठी गटाने वर्गणी काढली होती. या सगळ्यावर बेंजामिन री यांनी केलेला माहितीपट २०२४ साली आला. जरूर बघा, रुमाल घेऊन.

वर्गणी काढून लोक मयताला येतात, ते आभासी मित्र कसे काय? आपल्या सोसायटीत शेजारच्याचं पहिलं नाव माहीत नसणारी माणसं मला ऐकवतात, 'खरे मित्र जोडायला हवेत'. जोडा की, कोण नको म्हणतंय!

आता कौशल्यांचं. वॉरक्राफ्ट २००४ साली आला तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसं लागायची. मार अंगावर घेणारे वेगळे, जखमा भरून काढणारे वेगळे, हल्ला करणारे वेगळे. एकाने घाई केली की चाळीसच्या चाळीस आडवे, पुन्हा पहिल्यापासून. या चाळिसांना ठरलेल्या वेळी जमवायचं, रुसवेफुगवे काढायचे, मिळालेली लूट वाटायची. त्या वाटणीसाठी खेळाडूंनी स्वतःच गुणांची एक पद्धत काढली होती. कुणी किती मोहिमांना हजर राहिलं त्याचा हिशोब ठेवायचा, आणि त्यातून हक्क ठरवायचा. ज्याने कधी गणेश मंडळाचा खजिना सांभाळलाय त्याला विचारा हे काम किती नाजूक असतं ते. मंडळात हे करणाऱ्याला आपण 'चळवळ्या कार्यकर्ता' म्हणतो. कॉम्प्युटरवर करणारा वाया गेलेला!

माझा भाचा चौघांच्या टीममध्ये बीजीएमआय खेळतो. स्क्रीनवर वर होकायंत्राची पट्टी असते, अंशांसकट. 'दोनशे चाळीसला एक जण आहे, झाडामागे' असं तो सहज सांगतो. भूगोलात होकायंत्र मीही शिकले, मार्कही मिळवले, पण आमच्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे हे आजही सूर्य बघून ठरवते. असो. त्याच्या टीममधला एक मुलगा गुवाहाटीचा आहे. त्याच्याशी बोलता बोलता भाच्याचं हिंदी इतकं सुधारलंय की शाळेतल्या बाईंनी विचारावं!

पुरावा हवा असणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात ३३ सर्जनांचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्या सर्जनांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्या, आणि काम २७ टक्के लवकर उरकलं. तुम्ही म्हणाल, ज्याचा हात मुळातच चांगला तोच गेमकडे वळत असेल. शंका रास्त आहे. पण २००३ साली ग्रीन आणि बॅव्हेलिए या दोघांनी न खेळणाऱ्यांनाच दहा दिवस रोज तासभर खेळायला लावलं, काहींना मारधाडीचा गेम आणि काहींना टेट्रिस. मारधाडवाल्यांचं नजरेचं अवधान जास्त सुधारलं. म्हणून दहावीला गणितात मार्क वाढतील असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. क्रिकेटने तरी कुठे वाढतात?

व्यसन लागतं हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली ती उगाच नव्हे. ज्याची झोप, शाळा, जेवण सुटलंय त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं. 'नशीब आजमावा' छाप पेट्या विकून मुलांचे खिसे रिकामे करणारे गेमही आहेत, बेल्जियमने २०१८ मध्ये त्यांना जुगारच ठरवलं. पण आपल्याकडे गंमत अशी की पोरांच्या खेळावर तुटून पडणारी मंडळी टीव्हीवर पैशांच्या रमीच्या जाहिराती चालू होत्या तेव्हा गप्प होती. अहो, काही जण खेळतही होते! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. कायद्याला फरक कळला. आमच्या घरात अजून सगळं एकाच टोपलीत.

आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये रात्री साडेअकराला मोबाईलवर ल्युडोची सोंगटी मारल्यावर ओरडणारे कोण होते, नावं घेऊ का? पुण्याची आत्या, नागपूरचे मामा, दुबईची ताई. एरवी लग्नाला भेटणारी माणसं तेव्हा रोज एकमेकांशी भांडत होती. त्याला आपण 'किती छान, सगळे जोडलेले राहिलो' म्हणालो.

तेव्हा आता एवढं करा. पोराला 'बंद कर ते' म्हणण्याआधी 'कुणाकुणाबरोबर खेळतोयस?' विचारा. त्याची नावं ऐका, ती जरा विचित्र असतात, हसू नका. आणि जेवायला बोलवायचं असेल तर अर्धा तास आधी सांगा. एक डाव साधारण तेवढा चालतो, आणि हा मधेच उठला तर बाकीचे तिघे उगाच मरतात.