कोपगृहाच्या भिंती

इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेला 'बूद्वार' हा शब्द मुळात रुसण्यावरून आला आहे. 'बुदे' म्हणजे गाल फुगवून बसणे. बूद्वार म्हणजे घरातल्या बाईने रुसून जाऊन बसायची खोली. मराठीत त्याला कैकेयीपासून चालत आलेला प्रतिशब्द तयार आहे : कोपगृह. या खोलीच्या नावाने छायाचित्रणाचा जो प्रकार आज ओळखला जातो, त्यात स्त्री आपली अर्धवस्त्र वा विवस्त्र छायाचित्रे स्वतः पैसे मोजून, बहुधा स्वतःपाशी ठेवण्यासाठी काढवून घेते. अलीकडे हा प्रकार खोली सोडून बाहेर पडला आहे. धबधब्याखालचा निसरडा कातळ, पहाटेचा गार समुद्र, काट्याकुट्यांचे रान अशा अवघड जागी जाऊन ही छायाचित्रे काढली जातात आणि त्यामागचा हेतू 'शरीरस्वीकार' असा सांगितला जातो. बाळंतपणाच्या खुणा, शस्त्रक्रियेचा व्रण, सुटलेले पोट या सगळ्यांसकट आपले शरीर आपले म्हणणे, असा त्याचा अर्थ.

संस्कृतिरक्षकांचे यावरचे म्हणणे सर्वांना पाठ आहे. त्याचा समाचार आजवर अनेकांनी घेतला आहे आणि तो पुन्हा घेण्यात मला रस नाही. माझे भांडण या छायाचित्रांची बाजू घेणाऱ्यांशी, म्हणजे आपल्यापैकीच बहुतेकांशी आहे. साहित्याच्या वर्गात किंवा चर्चासत्राच्या चहापानात ही बाजू एका वाक्यात मांडली जाते : 'पण किती सुंदर आहेत ती!' हा बचाव दुबळा आहे, आणि ज्या बाईसाठी तो केला जातो तिच्यावरच तो अन्याय करतो.

शरीर उघडे दिसण्याचा परवाना जर सौंदर्याने मिळत असेल, तर जे शरीर आपल्याला सुंदर वाटत नाही त्याला तो नाकारण्याचा अधिकारही आपण आपल्याकडेच ठेवलेला असतो. मग स्वीकार कसला झाला? परीक्षा तीच राहिली, फक्त उत्तीर्ण होण्याचे गुण थोडे खाली आणले. 'तिचा व्रणसुद्धा सुंदर दिसतो' हे वाक्य मला म्हणूनच खटकते. व्रण सुंदर का असावा लागतो? तो आहे, आणि तो तिचा आहे, एवढे पुरत नाही काय?

इथे निसर्ग आपल्या मदतीला धावून येतो. स्त्रीला वेल, नदी, भूमी म्हणण्याची काव्यपरंपरा आपल्या अंगात इतकी मुरली आहे की, कातळावर बसलेली विवस्त्र बाई आपल्याला बाई वाटायची थांबते आणि देखावा वाटू लागते. 'निसर्गाशी एकरूप झाली आहे' असे म्हणून आपण तिच्या उघडेपणाला सोवळे नेसवतो. खोलीत काढलेले तेच छायाचित्र दाखवले तर याच रसिकांची नजर चुकते. म्हणजे आपण मान्यता दिली ती धबधब्याला.

या बाबतीत र. धों. कर्वे आपल्यापेक्षा प्रामाणिक होते. १९२७ ते १९५३ या काळात त्यांनी चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य'च्या मुखपृष्ठांवर नग्न स्त्रियांची चित्रे असत. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे सौंदर्याची ढाल पुढे करून लढले नाहीत. शरीराकडे निरोगीपणाने पाहण्यात लाजण्यासारखे काही नाही, ही त्यांची साधी आणि बुद्धिवादी भूमिका होती. तरीही तो सगळा वाद आठवताना आपण एक प्रश्न कधी विचारत नाही. मुखपृष्ठावरच्या त्या बाईचे काय? संपादक बोलले, सरकारी वकील बोलले, आंबेडकरांसारखा कायदेपंडित बोलला. जिचा देह मुखपृष्ठावर होता तिला त्या रणात आवाज नव्हता.

कायद्यानेही पुढे हीच वाट धरली. १९९५ सालच्या बुटांच्या एका जाहिरातीत मधु सप्रे आणि मिलिंद सोमण अंगावर बूट आणि अजगर एवढेच ल्यायले होते. तो खटला मुंबईत चौदा वर्षे रेंगाळून २००९ साली निर्दोष सुटकेत संपला. २०१४ साली अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुनी ब्रिटिश कसोटी सोडून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली आणि केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असे सांगितले. निकाल स्वागतार्हच होता. पण बोरिस बेकर आणि त्याच्या सावळ्या वाग्दत्त वधूच्या त्या छायाचित्रात वर्णद्वेषाविरुद्धचा संदेश आहे, या गोष्टीलाही न्यायालयाने वजन दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क खात्याने अडकवलेल्या सूझा आणि अकबर पदमसी यांच्या कलाकृती सोडवल्या, तेव्हा त्या थोर चित्रकारांच्या कलाकृती होत्या. संदेश असेल, कला असेल, तर देह सुटतो. ज्या छायाचित्रात संदेश नाही, ज्याला कला म्हणण्याचा आग्रह ते काढवून घेणारीचाही नाही, त्याच्या पाठीशी आपण कोणत्या तोंडाने उभे राहणार?

हा प्रश्न २०२० च्या नोव्हेंबरात गोव्यात आपल्यासमोर येऊन गेला. मिलिंद सोमण यांनी पंचावन्नाव्या वाढदिवशी किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्याच आठवड्यात पूनम पांडे यांची काणकोणच्या चापोली धरणावरची चित्रफीत गाजली. गुन्हे दोघांवरही नोंदले गेले, अटक पांडे यांना झाली. धरण सरकारी मालमत्ता होती, हा फरक मला मान्य आहे. पण सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत या फरकाची चर्चा झाली नाही. तिथे सोमणांची तंदुरुस्ती वाखाणली गेली आणि पांडे यांचा 'हेतू' तपासला गेला. कमावलेल्या पुरुषदेहाला उघड्या किनाऱ्यावर हेतू विचारला जात नाही. पुढे २०२२ साली रणवीर सिंग यांच्या छायाचित्रांवरून आमच्या कुर्ल्याला लागून असलेल्या चेंबूरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, तोही स्त्रियांच्या भावना दुखावल्या म्हणून! देह कोणाचाही असो, लाज मात्र बाईच्याच खात्यावर मांडायची.

कुर्ल्याचा उल्लेख मी केवळ पत्त्यापुरता केलेला नाही. कोपगृह ही चैन आहे, हे या उपनगरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल. एका खोलीच्या घरात, जिथे मोरीला दाराऐवजी पडदा आहे आणि खोलीत सासरे, दीर, मुले आहेत, तिथे बाई आपले शरीर पुरते कधी पाहते? बाळंतपणानंतर पोटावर उठलेल्या खुणा तिला हाताला लागतात, नजरेस पडतात की नाही कोण जाणे. रुसायला जागा नाही आणि आरशासमोर उभे राहायला वेळ नाही. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत मात्र तिचे शरीर सर्वांच्या नजरेसमोर असते.

आणि 'आव्हानात्मक निसर्ग' म्हणाल, तर तोही इथे आहे. त्याचे नाव मिठी नदी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि मिठीकाठच्या क्रांतीनगरसारख्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. प्रत्येक मोठ्या पावसात छातीएवढ्या पाण्यातून वाट काढणाऱ्या बायकांची छायाचित्रे वर्तमानपत्रे छापतात. अंगाला चिकटलेल्या भिजक्या साडीतल्या त्या बाईला, 'तुमचे छायाचित्र घेऊ का?' असे विचारल्याचे कोणाच्या ऐकिवात आहे? त्या छायाचित्राला कोणी अश्लील म्हणत नाही. उलट 'मुंबईची जिद्द' अशी ओळ त्याखाली पडते. आता हे छायाचित्र त्या दुसऱ्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहा. दोन्हींत भिजलेली बाई आहे आणि अवघड पाणी आहे. एकीने जागा निवडली, दिवस निवडला, कॅमेऱ्यामागचा माणूस निवडला. नको असलेले छायाचित्र ती पुसून टाकायला लावू शकते. दुसरीला यातले काहीच मिळाले नाही. शरीराचा अवमान कोणत्या छायाचित्रात झाला, हे ठरवायला सौंदर्यशास्त्राची गरज पडू नये.

म्हणून माझे म्हणणे असे की, या प्रकाराची कसोटी सौंदर्य नाही आणि अश्लीलताही नाही. कसोटी आहे ताब्याची. छायाचित्र कोणी मागितले, ते कोणापाशी राहणार, आणि 'नको' म्हणण्याचा अधिकार शेवटपर्यंत कोणाकडे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे त्या बाईकडे येत असतील, तर तिचे छायाचित्र बेढब असो, उथळ असो, अगदी सवंग असो, ते तिचे आहे. आपल्याला ते आवडण्याची गरज नाही.

यावर स्त्रीवादी मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो वजनदार आहे. बाईने पैसे मोजले म्हणून पुरुषी नजर नाहीशी होत नाही; ती नजर तिने आत घेतलेली असते, आणि आता तिच्याच पैशाने तिला विकली जाते. खरे आहे. व्रण पुसून देणारे, कंबर बारीक करून देणारे छायाचित्रकार शरीरस्वीकाराचीच पाटी लावून बसले आहेत, हेही खरे. पण मग अवघड जागेचे महत्त्व नेमके इथे आहे. गार पाण्यात अंगावर शहारा येतो, खडकाने गुडघा खरचटतो, तोल सावरताना पोटाच्या वळ्या लपवता येत नाहीत. तिथले शरीर दिसण्याचे काम बाजूला ठेवून उभे राहण्याचे काम करू लागते. त्या बाईला त्या दिवशी भीती वाटली असेल तर ती सापाविंचवाची कमी आणि पायवाटेने येणाऱ्या पुरुषांच्या टोळक्याची अधिक. शाल घेऊन पाळतीवर उभी राहिलेली मैत्रीण छायाचित्रात दिसत नाही. ती तिथे का उभी आहे, याचे उत्तर आपण सर्वांनी द्यायचे आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या स्त्रियांच्या निरुद्देश भटकण्याच्या हक्कावर पुस्तक लिहिले. बाहेर असण्यासाठी बाईला कारण का लागावे, हा त्यांचा प्रश्न शहराच्या वेशीबाहेरच्या कातळालाही लागू पडतो.

रवी जाधव यांचा 'न्यूड' २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून ऐनवेळी वगळला गेला, तेव्हा आपण निवड समितीच्या स्वायत्ततेबद्दल बोललो, कलेच्या स्वातंत्र्याबद्दल बोललो. ते बोलायलाच हवे होते. पण चित्रकलेच्या वर्गात मुलांसमोर तासन्‌तास निश्चल बसणारी, आणि हे काम मुलापासून लपवणारी त्यातली बाई आपल्या चर्चेत कितीशी आली? कला वाचली की बाई आपोआप वाचते, हा आपला लाडका समज आहे. वर्गात देहाविषयी शिकवणाऱ्यांनी तरी तो सोडावा. पुढच्या वेळी असे एखादे छायाचित्र समोर आले आणि विद्यार्थ्याने विचारले, 'हे सुंदर आहे का?', तर उत्तर देण्याची घाई करू नका. आधी त्याला विचारा, हे तुझ्यापर्यंत कोणी पोहोचवले, आणि तिला ते ठाऊक आहे का?