पाटी मोठी की कायदा?
किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते आणि डाळीत किडे निघाले तरी गिऱ्हाईक ती वाचून मुकाट्याने माघारी फिरते. ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. म्हणजे दुकानदाराची अरेरावी हा केवळ त्याच्या स्वभावाचा प्रश्न नाही, तो आपल्या हक्काचा प्रश्न आहे. छोट्या दुकानदाराचा नफा तुटपुंजा असतो, त्याने भुर्दंड का सोसावा, असे विचारले जाते. अडचण खरी आहे; पण खराब मालाचा हिशेब त्याने घाऊक व्यापाऱ्याशी करायचा, हातावर पोट असलेल्या गिऱ्हाइकाच्या माथी तो मारायचा नाही. पन्नास रुपयांसाठी कोण भांडत बसणार, हा दुसरा आक्षेप. त्यासाठीच १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. बेपर्वाई पोसली जाते ती आपल्या गप्प बसण्यावर. म्हणून प्रत्येक खरेदीचे बिल मागावे, जपावे, आणि खराब माल निघाला तर नम्रपणे पण ठामपणे परत करावा.