भाड्याची सायकल ठेवावी कोठे?

ज्यांचे बालपण पुण्यात, सांगलीत किंवा नागपुरात गेले असेल, त्यांना ताशी भाड्याने सायकली देणारे कोपऱ्यावरचे दुकान आठवत असेल. दुकानदार वहीत नाव, पत्ता आणि वेळ टिपून घेई. ओळख नसेल तर सायकल मिळत नसे. ती परत आली की हवा, ब्रेक आणि घंटी तपासून मगच तो हिशेब करी. सायकल कोठे ठेवावी, हा प्रश्न त्या व्यवहारात कधी उद्भवलाच नाही. ती दुकानाच्या दारातच परत यावयाची. निर्बंध तेव्हाही होते. अनेक गावांत म्युनिसिपालिटीचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा दोघेजण बसलेले दिसले की पोलीस अडवून उतरावयास लावी.

अलीकडे शहरांतून जी सामायिक भाड्याची सायकल आली, तिने हा दुकानदार वगळला आहे. सायकलीवरील चौकोनी ठिपक्यांची खूण फोनने टिपली की कुलूप उघडते, मिनिटांच्या हिशेबाने पैसे वजा होतात, आणि काम संपताच स्वार ती आहे तेथे उभी करून निघून जातो. सोय मोठी, यात शंका नाही. परंतु वही गेली तशी ओळखही गेली, आणि दुकानाच्या दाराची जागा पदपथाने घेतली. निर्बंधांची खरी गरज येथून सुरू होते.

आमच्या उपनगरातही अशा सायकली आल्या होत्या. एके सायंकाळी मी वृद्ध मामांना घेऊन निघालो असता पदपथावर तीन सायकली आडव्या पडलेल्या आढळल्या. मामांची दृष्टी अधू आहे. त्यांना पदपथावरून उतरून, धावत्या बसगाड्यांच्या कडेने चालावे लागले. मी संतापून म्हणालो, "या पोरांना काही समजत नाही!" मामा काठी टेकीत शांतपणे म्हणाले, "अरे, ठेवायची कुठे, ते त्यांना कुणी दाखवलं आहे का?"

त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध व विद्यापीठ परिसरात ही योजना सुरू झाली आणि पुढील वर्षी आणखी कंपन्या आल्या. प्रारंभी उत्साह दांडगा होता. पण लवकरच कुलूप तोडलेल्या, आसन पळविलेल्या सायकली सापडू लागल्या. कित्येक सायकली गृहसंस्थांच्या आवारात नेऊन ठेवण्यात आल्या, म्हणजे सर्वांची वस्तू एकाची झाली. बहुतेक कंपन्यांनी काही काळातच गाशा गुंडाळला. त्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, म्हैसूरने मात्र वेगळा मार्ग धरला होता. तेथील 'ट्रिन ट्रिन' योजनेत ४५० सायकलींसाठी जागोजागी ठाणी उभारली गेली. सायकल ठाण्यातील खोबणीत अडकविली तरच फेरी संपे. स्वाराला थोडे चालावे लागे खरे, परंतु पदपथ मोकळा राही. नियम पाळण्याची जागा आधी निर्माण झाली आणि नियम नंतर आला, हे त्यातील मर्म.

ठाणी उभारावयास खर्च फार येतो, म्हणून ठाण्यावाचूनच्या सायकली लोकप्रिय झाल्या. चीनमध्ये त्यांचा असा पूर आला की सप्टेंबर २०१७ मध्ये एकट्या बीजिंग शहरात २३ लाख ५० हजार सायकली झाल्या होत्या आणि नव्या सायकली उतरविण्यास तेथे बंदी घालावी लागली. अशा सायकलींसाठी नकाशावर अदृश्य कुंपण आखण्याची युक्ती निघाली. परंतु उपग्रहावरून कळणारी जागा काही मीटरांनी चुकू शकते. उंच इमारतींच्या गर्दीत ती अधिकच चुकते. नकाशावर खुणेच्या चौकोनात दिसणारी सायकल प्रत्यक्षात शेजारच्या जिन्यासमोर उभी असू शकते!

यावर सिंगापूरने काढलेला तोडगा मला विशेष पटला. तेथे २०१८ साली कायदा करून कंपन्यांना परवाना सक्तीचा केला आणि सायकली ठेवण्याच्या जागीच ठिपक्यांची खूण लावली. जानेवारी २०१९ पासून स्वाराने ती खूण फोनने टिपली नाही तर पाच डॉलर आकारणी होऊ लागली. वर्षात तीनदा चूक करणाऱ्याला ठरावीक काळ कोणत्याच कंपनीची सायकल मिळू नये, अशीही तरतूद केली गेली. जुन्या दुकानदाराची वहीच जणू परत आली! मात्र जून २०१८ मध्ये तेथील एका कंपनीने अकस्मात व्यवहार बंद केला आणि असंख्य ग्राहकांची अनामत अडकली. तेव्हा अनामत भरण्यापूर्वी ती कोणत्या अटीवर परत मिळते, हे पाहून घ्यावे.

ठेवण्याविषयी इतके झाले, आता चालविण्याविषयी. एका वाचक भगिनींनी विचारले आहे, 'अकरा वर्षांचा मुलगा माझ्या फोनवरून सायकल उघडून मागतो, द्यावी काय?' देऊ नये. चीनमध्ये बारा वर्षांखालील मुलांना रस्त्यावर सायकल चालविण्यास मनाई आहे, आणि ऑगस्ट २०१७ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत अशा मुलांना भाड्याची सायकल देऊ नये, असे पुन्हा स्पष्ट केले गेले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये शांघायमध्ये अशाच सायकलीवरून जाणारा अकरा वर्षांचा मुलगा बसखाली दगावला होता. आपल्याकडे २५० वॅटहून कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाची विजेची सायकल, इतर अटी पुऱ्या झाल्यास, मोटार वाहन समजली जात नाही. तिला वाहन परवाना लागत नाही. परंतु परवाना लागत नाही म्हणजे वयाची अट नाही, असा अर्थ घरोघरी काढला जातो, तो चुकीचा आहे. कंपनीच्या करारात वयाची अट असते आणि दुसऱ्याला मागे बसविण्यास बहुधा मनाई असते. तो करार आपण न वाचताच मान्य करतो. अपघात घडला तर फोन ज्याचा, त्यालाच जाब द्यावा लागण्याचा संभव अधिक.

काही निर्बंध मात्र सायकलस्वारावर अन्याय करणारे असतात, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या सागरी सेतूवर सायकलीला बंदी आहे ती समजण्यासारखी आहे. पण कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलबंदी लागू झाली, तेव्हा दूध, भाजी आणि वर्तमानपत्रे पोचविणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. मोटारींचा वेग वाढावा म्हणून गरिबाची गाडी हटवावी, हे नियमन नव्हे.

एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. परवा मामांसोबत मी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पदपथाला लागून एका ओळीत मोटारी उभ्या होत्या. सायकलींसाठी आखलेला चौकोन कोठे दिसतो काय, असे मामांनी विचारले. मला तो दिसला नाही.