दिल्लीकडे बोट, मंत्रालयाकडे पाठ

आपल्या समाजाच्या सभा-परिषदांत ठराव होतात ते बहुतेक दिल्लीच्या नावाने. केंद्राने हे करावे, केंद्राने ते थांबवावे. टाळ्या पडतात, निवेदनावर सह्या होतात, माणसे घरी जातात. ज्या दारावर थाप मारायला हवी ते दार पुष्कळदा मुंबईत असते, हे मात्र कोणी सांगत नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सत्तेची वाटणी तीन याद्यांत केली आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे. राज्याच्या यादीतली पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची. सार्वजनिक आरोग्य, जमीन, नगरपालिका हेही राज्याकडेच. शिक्षण पूर्वी राज्याकडे होते, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती यादीत, म्हणजे दोघांच्या हाती गेले. विवाह, वारसा आणि धर्मादाय संस्थाही दोघांकडे. म्हणजे मोहल्ल्यातला माणूस रोज ज्यांच्यापुढे उभा राहतो, ती पोलीस चौकी, सरकारी दवाखाना, तलाठ्याचे दप्तर, हे सारे राज्याचे.

ही वाटणी काम नीट व्हावे म्हणून होती. राज्यकर्त्यांनी तिची ढाल केली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींचेच पाहा. श्रीकृष्ण आयोग नेमला राज्य सरकारने. १९९६ च्या जानेवारीत युती सरकारने तो गुंडाळला आणि त्याच वर्षी दिल्लीहून शब्द आल्यावर पुन्हा उभा केला. १९९८ मध्ये अहवाल आला तो त्या सरकारने फेटाळला. १९९९ मध्ये सरकार बदलले, अहवाल मनावर घेतला गेला नाही. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कायदा व सुव्यवस्था राखण्यात राज्य कमी पडले. जवळजवळ तीस वर्षांनी! आणि या तीस वर्षांत आपले पुढारी कोणत्या पक्षांच्या व्यासपीठांवर बसले होते?

कोणी म्हणेल, राज्याच्या हाती पैसा कुठे आहे? तिजोरी केंद्राची, आणि २०१७ च्या जीएसटीनंतर तर राज्यांचे हात आणखी बांधले गेले. हे खोटे नाही. पण फिर्याद नोंदवून घ्यायला कोणती तिजोरी लागते? मुस्लिम आरक्षणाचेही तसेच. जुलै २०१४ च्या वटहुकुमाने ५ टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातले मात्र तूर्त राहू दिले. वटहुकमाचा कायदा करायचा होता विधानसभेने. केला नाही, वटहुकूम संपला. पुढे सरकारे बदलली, कायदा झालाच नाही. इथे दिल्ली कुठे आडवी आली?

वक्फचा कायदा संसदेचा, १९९५ चा. २०२५ च्या दुरुस्तीविरुद्ध मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पण वक्फ मंडळ नेमते राज्य. त्यावर कोण बसतो, त्याच्याकडे माणसे किती, जमिनी कोणी गिळल्या, हे आधीच्या वर्षांत मंत्रालयात जाऊन किती जणांनी विचारले?

दिल्लीशी भांडू नये असे मी म्हणत नाही. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती काढून घेतली, त्याचा जाब दिल्लीलाच विचारला पाहिजे. पण ती मुले महाराष्ट्राचीही आहेत, हे राज्याला कोण सुनावणार?

मंत्रालयाचा कारभार मराठीत चालतो. अर्थसंकल्प, शासन निर्णय, विधानसभेतली उत्तरे, सारे मराठीत. ते वाचून त्यातली चूक दाखवणे हे आपण मराठीत लिहिणाऱ्यांचे काम आहे. ठरावाच्या वर ‘केंद्र सरकार’ लिहिण्याआधी घटनेची ती यादी एकदा उघडावी. विषय राज्याचा निघाला, तर कागदावर राज्याच्या मंत्र्याचे नाव घालावे, आपल्या आमदाराचे घालावे, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये.