काट्याने काटा!

बालमित्रांनो, पावसाचं पाणी आंबट असतं, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण ते खरं आहे! हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबांत विरघळतो आणि पाऊस किंचित आम्लधर्मी होतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, तर स्वच्छ पावसाचा सुमारे ५.६. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, बरं का!

कोळसा आणि खनिज तेल जाळलं, की गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू हवेत जातात. ते पाण्यात मिसळले की सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल तयार होतं. हीच आम्लवर्षा. मुंबईत कारखान्यांनी वेढलेल्या चेंबूर भागात १९७०च्या दशकात असा पाऊस नोंदला गेला.

आपण छत्री उघडतो, आडोशाला पळतो. झाड काय करणार? तेही गप्प बसत नाही. पानावर मेणाचा पातळ थर असतो, तो पहिला वार झेलतो. तो झिजला, की पान स्वतःजवळचं कॅल्शियम, पोटॅशियम खर्च करून आम्लाचा जोर मोडतं. तरीही डाग पडत गेले, तर झाड ते पान गाळून टाकतं.

खरी लढाई मात्र मातीत होते. आम्ल मातीतलं कॅल्शियम धुऊन नेतं आणि कणांत अडकलेलं ॲल्युमिनियम मोकळं करतं. त्याने मुळांची टोकं खुंटतात. मग मूळ पाणी कसं पिणार?

इथे मक्याची गंमत पाहा. आमच्या धडगावात घरोघरी ज्याच्या भाकरी होतात, तोच मका! त्याच्या काही जाती मुळांच्या टोकांतून सायट्रिक आम्ल सोडतात. हो, लिंबातलंच! ते ॲल्युमिनियमला बाहेरच जखडून टाकतं. काही गहूही असंच करतात, पण मॅलिक आम्ल सोडून. आम्लाच्या त्रासावर आम्लाचाच उतारा. काट्याने काटा काढतात, तो असा!

पण मित्रांनो, ही युक्ती फुकट नसते. झाड त्यासाठी स्वतःचं अन्न खर्च करतं. मग वाढीला आणि दाण्याला कमी उरतं. मारा वर्षानुवर्षं चालला, तर झाड थकतं. म्हणून धूर कमी करणं माणसाच्याच हाती आहे. १९८५ साली युरोपातल्या अनेक देशांनी हेलसिंकीला गंधकाचा धूर घटवण्याचा करार केला आणि तिथला पाऊस हळूहळू सुधारला.

करून पाहा : भोकं पाडलेल्या तीन करवंट्यांत माती भरून मूग पेरा. एकीला साधं पाणी, दुसरीला पेलाभर पाण्यात लिंबाचे चार थेंब, तिसरीला दोन चमचे रस घातलेलं पाणी रोज थोडंथोडं द्या. आठ दिवस पानांचा रंग आणि उंची वहीत लिहा. शेवटी रोपं उपटून मुळंही मोजा. काय दिसलं, ते पत्राने नक्की कळवा!