दर्जा मिळाला, व्यवहाराचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रंगनाथ पठारे समितीने २०१३ मध्ये अहवाल सादर केल्यापासून तब्बल अकरा वर्षे महाराष्ट्र या निर्णयाची वाट पाहत होता. त्यामुळे झालेला आनंदोत्सव रास्तच होता. परंतु त्याचे सूर विरतात न विरतात तोच भाषेच्याच प्रश्नावरून राज्यात धुरळा उडाला. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अवघ्या अडीच महिन्यांत तीन भूमिका! सहा वर्षांच्या मुलाने काय शिकावे, हा शिक्षणशास्त्राचा प्रश्न आहे. तो आधी शिक्षणतज्ज्ञांपुढे आणि मग शासन निर्णयात यायला हवा होता. येथे क्रम उलटा झाला.

या गोंधळाचा लाभ उठवणारे अर्थातच पुढे सरसावले. मिरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका मिठाईवाल्याच्या थोबाडीत मारण्यात आली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. मराठीवरील प्रेमाचा हा आविष्कार मानायचा काय? हातावर पोट असणारा दुकानदार गिऱ्हाइकाची भाषा आपणहून शिकतो. त्यासाठी गिऱ्हाइकाने ती आग्रहाने बोलावी लागते. ज्या मोठ्या आस्थापनांच्या दारात मराठी पाटीपुरती उरली आहे, तिथे मात्र हे हात क्वचितच पोहोचतात.

मूळ दुखणे याहून खोल आहे. भाषा अभिमानाने मिरवता येते, पण जगते ती व्यवहारात. शिवछत्रपतींनी हे नेमके ओळखले होते. राज्याभिषेकाच्या काळात त्यांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणारे सुमारे चौदाशे शब्द त्यात आले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनोबताचा सेनापती झाला. हे शब्द रुजले, कारण त्यांच्यामागे अधिकाराचे पद होते आणि राज्याचा कारभार होता. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा ‘महापौर’ आज सर्वांच्या तोंडी आहे, तोही त्या शब्दाला नगरसभेत खुर्ची मिळाली म्हणून. ज्या पर्यायी शब्दांना अशी जागा मिळाली नाही, ते कोशातच राहिले.

हाच निकष आजच्या मराठीला लावला तर काय दिसते? २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची ही मातृभाषा आहे. एवढा मोठा ग्राहकवर्ग जगातील कितीतरी देशांची लोकसंख्याही नाही. तरीही विम्याचा करार, कर्जाच्या अटी, औषधाच्या वेष्टनावरील सूचना यांतली मराठी शोधावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकांनी ग्राहकांसाठीचे छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत उपलब्ध ठेवणे अपेक्षित आहे. ते मागणारे किती? राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. तरी उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मध्ये राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने प्रादेशिक भाषेची वाट ठेवलेली आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार यांनी ती हिंदीसाठी वापरली.

अशा स्थितीत मुलाला इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकाला दोष देणे सोपे आहे. शेतमजुरी करून शुल्क भरणारी आई मराठीची वैरीण नसते. नोकरीच्या मुलाखतीत कोणती भाषा विचारली जाते, हे तिने पाहिलेले असते. तिचा हिशेब चुकीचा ठरवायचा असेल तर मराठीतून शिकलेल्याला चांगले काम मिळते, हे तिला दिसले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला आणि २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकीचे दारही उघडले. पण त्या दारातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला उद्योगांनी स्वीकारले नाही, तर पुढच्या वर्षी तिथे कोणी फिरकणार नाही. या पदवीधरांच्या पाठीशी राज्य शासनाने आणि मराठी उद्योजकांनी प्रथम उभे राहायला हवे.

अभिजात दर्जामुळे अध्यासने येतील, संशोधन केंद्रे उभी राहतील, प्राचीन ग्रंथ प्रकाशात येतील. ते सारे स्वागतार्हच आहे. मात्र हिंदीला विरोध किंवा हिंदीची सक्ती, यांपैकी कशानेही मराठीच्या पदरात काही पडणार नाही. हिंदी ही भगिनी आहे. मराठी घरातून जी जागा रिकामी होते आहे, ती मुख्यतः इंग्रजीने व्यापली आहे आणि ती मराठी माणसानेच करून दिली आहे. तेव्हा प्रारंभही घरापासूनच व्हायला हवा. बँकेत मराठी अर्ज मागावा, दुकानात मराठीतून बोलावे, ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर मराठीचा पर्याय निवडावा आणि तो नसेल तर लेखी तक्रार करावी. घोषणांपेक्षा ही कामे नीरस आहेत. परंतु कोट्यवधी ग्राहकांची अशी मागणी कोणत्याही कंपनीला फार काळ डावलता येणार नाही.