हात सैल, नजर पक्की

"दिवसभर बटणं बडवून काय शिकतोस रे?" हा प्रश्न पुष्कळ घरांत मुलांना विचारला जातो. प्रश्न रास्तच आहे. परंतु मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये जे खरोखर स्पर्धेला उतरतात, ते बटणे बडवीत नाहीत. त्यांचा निम्मा सराव मार चुकविण्याचा असतो. म्हणून या वेळी बचावाविषयीच लिहितो.

'स्ट्रीट फायटर' हा जपानी खेळ घेऊ. मार अडवायचा तर दांडी मागे, समोरच्यापासून उलट दिशेला धरावी लागते. पायावर येणारा मार बसून अडवायचा, वरून कोसळणारा उभ्याने. त्यामुळे जाणते खेळाडू दांडी खाली-मागे अशा तिरप्या कोपऱ्यात ठेवतात आणि वरचा मार दिसला तरच उभे राहतात. पण एवढ्याने भागत नाही. समोरचा जवळ येऊन धरून आपटतो, आणि ती पकड अडविता येत नाही. आपणही तेव्हाच पकडीची बटणे दाबली तर सुटका! आता येणार ती लाथ की पकड, हे ओळखायला उसंत कुठली? पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे सरकतात. यावर खेळाडूंनी युक्ती काढली. दांडी कोपऱ्यातच ठेवायची आणि सुटकेची बटणे किंचित उशिरा दाबायची. लाथ आली तर ती आधीच अडलेली असते, बटणे वाया जातात. पकड आली तर त्याच बटणांनी सुटका. अर्थात समोरचाही काही दुधखुळा नसतो. तो मुद्दाम क्षणभर थांबून मारतो.

हे सारे दांडी कशी धरली यावर अवलंबून असते. जपानी दांडीला वर गोळा असतो. तिकडे पुष्कळजण तळहात वर करून, दांडी बोटांच्या फटीत घेऊन, पेला धरावा तसा तो गोळा खालून पेलतात. मूठ आवळली की मनगट ताठते आणि कोपरा हुकतो. हातातल्या लहान कंट्रोलरवर हेच काम डाव्या अंगठ्याकडे असते. तिथेही जोर लावल्याने खेळ जलद होत नाही, अंगठा मात्र दुखतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली तर खेळ थांबवावा, हे आई-वडिलांनी पोराला जरूर सांगावे. हरलेला असताना सांगू नये, ऐकणार नाही.

या सैल हाताचा कस 2004 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील 'इव्हो' स्पर्धेत लागला. जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. दाइगोच्या 'केन'चा जीव इतका थोडा उरला होता की मोठा डाव नुसता अडविला तरी झिजून तो संपला असता. त्या खेळात आणखी एक बचाव आहे, 'पॅरी'. मार लागण्याच्या ऐन क्षणी मागे न जाता दांडी पुढे टिचकायची. साधले तर जीव तसूभरही घटत नाही, चुकले तर मार पुरा बसतो. वाँगच्या 'चुन-ली'ने लाथांचा मोठा डाव टाकला. एकामागून एक 15 मार! प्रत्येक वेळी दांडी मध्यावर परत यायला हवी, तरच पुढची टिचकी लागते. दाइगोने सगळे मार झेलले, उलट हल्ला केला आणि तो डाव जिंकला. प्रेक्षक ओरडत उभे राहिले. अंतिम सामना मात्र तो हरला, हेही सांगितले पाहिजे.

पुढे काही वर्षे त्याने हा खेळ सोडला होता. त्या काळात तो वृद्धांची देखभाल करणाऱ्या केंद्रात नोकरी करीत होता. पुन्हा दांडी हाती घेतल्यावर 2009 आणि 2010, अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने 'इव्हो' जिंकली. त्यानंतर खेळ हाच त्याचा पेशा झाला.